विज्ञानपट महोत्सवाला कसा पाठवायचा : सीमाभागातल्या नव्या चित्रकर्मींसाठी

महोत्सवाचा फॉर्म सगळ्यात शेवटी उघडायचा, ही नवख्यांची पहिली चूक. चित्रपट पुरा झालेला असतो, मुदत परवा संपणार असते, आणि तेव्हा कळतं की लघुपटाची मर्यादा १५ मिनिटांची आहे आणि आपला १७ मिनिटांचा झालाय. किंवा इंग्रजी उपशीर्षकं सक्तीची आहेत. किंवा यूट्यूबवर आधीच टाकलेला चित्रपट त्यांना चालत नाही. चित्रपट वाईट म्हणून परत येतो त्यापेक्षा अशा कारणांनी बाजूला पडतो, हे जास्त वेळा घडतं. म्हणून फॉर्म आधी वाचायचा, शक्यतो चित्रीकरणाच्याही आधी, आणि संकलनाचा शेवटचा हात त्यानंतर फिरवायचा.

कुठे पाठवायचं

विज्ञान आणि सिनेमा एकत्र आणणारे महोत्सव एका जातीचे नसतात. न्यूयॉर्कचा इमॅजिन सायन्स महोत्सव २००८ पासून भरतो. अलेक्सिस गाम्बिस या जीवशास्त्रज्ञ-दिग्दर्शकाने तो सुरू केला. तिथे कथापट, प्रयोगपट, सूक्ष्मदर्शकातून घेतलेली नुसती दृश्यं, असं बरंच काही चालतं. धडा शिकवणारा पट तिथे फिका वाटतो. याच्या उलट ग्योटे इन्स्टिट्यूटचा, म्हणजे पुण्यात ज्याला आपण मॅक्सम्युलर भवन म्हणतो त्यांचा, सायन्स फिल्म फेस्टिव्हल. तो २००५ मध्ये थायलंडमध्ये सुरू झाला. त्याचा प्रेक्षक शाळकरी मुलं, त्यामुळे तिथे सोपं करून सांगणं हाच गुण. दिल्लीचा सीएमएस वातावरण २००२ पासून पर्यावरण आणि वन्यजीवनावरचे चित्रपट घेतो. मुंबईचा मिफ (मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) १९९० पासून माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनसाठी आहे. तो विज्ञानापुरता नाही, पण चांगला विज्ञानपट तिथे उपरा वाटत नाही. भारतीय आंतरराष्ट्रीय विज्ञान महोत्सवाच्या कार्यक्रमातही विज्ञानपटांना जागा असते. एक सावधगिरी: राष्ट्रीय विज्ञान चित्रपट महोत्सव भरवणारी विज्ञान प्रसार ही संस्था २०२३ मध्ये बंद झाली. तिच्या नावाचे जुने फॉर्म आणि जुन्या लिंका अजून फिरत असतात, त्यांच्यावर विसंबू नका.

नियमावलीत पाच गोष्टी शोधून वहीत उतरवा. लांबी श्रेयनामावलीसकट मोजतात की वगळून. चित्रपट कोणत्या तारखेनंतर पूर्ण झालेला हवा. आधी कुठे दाखवलेला चालतो का. उपशीर्षकं कोणत्या भाषेत. आणि विद्यार्थी विभागात पाठवणार असाल तर ओळखपत्र चित्रीकरणाच्या काळातलं हवं की आजचं. पदवी घेऊन बाहेर पडलेली मुलं इथेच अडकतात.

नकली महोत्सव ओळखणं सोपं आहे. दर महिन्याला पुरस्कार, पन्नास-साठ विभाग, प्रत्यक्ष प्रदर्शन कुठल्या सभागृहात होतं त्याचा पत्ता नाही, आणि जिंकल्यावर ट्रॉफीसाठी वेगळे पैसे. अशा ठिकाणचं मानचिन्ह पोस्टरवर लावलंत तर जाणकार परीक्षक उलट सावध होतो.

विषय असून भागत नाही, प्रश्न लागतो

'बेळगावचा कुंदा', म्हणजे दूध आटवून केलेली मिठाई, हा विषय झाला. 'दुधाला तो तपकिरी रंग येतो कशाने?' हा प्रश्न झाला. परीक्षकाच्या हाती शेकडो चित्रपट असतात आणि पहिल्या दोन मिनिटांत त्याला प्रश्न कळला नाही तर पुढचं तो अर्ध्या लक्षानं बघतो.

कुंद्याचंच उदाहरण पुढे नेऊ, कारण यात विज्ञानाची चूकही कशी शिरते ते दिसतं. 'साखर जळून रंग येतो' असं कुणीही सांगेल. पण कढईतल्या दुधात पाणी आहे तोवर त्याचं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपासच अडकून राहतं, आणि साधी साखर कॅरमेल व्हायला १६० अंशांच्या वर जावं लागतं. आटणाऱ्या दुधाचा रंग मुख्यतः दुधातली प्रथिनं आणि दुग्धशर्करा यांच्यातल्या माइयार अभिक्रियेचा. कढईच्या बुडाशी जे करपतं ते वेगळं, आणि कुणी साखरेचं कॅरमेल करून वरून घालत असेल तर ते आणखी वेगळं. कढईत तापमापी सोडा, आकडा पडद्यावर दाखवा. इतक्यानं खाद्यपट विज्ञानपट होतो.

असे प्रश्न आपल्या भागात पावलोपावली आहेत. खानापूरची माती कौलांना आणि मडक्यांना का मानवते? तिथे केंद्रीय ग्रामीण कुंभारकाम संस्था आहेच, म्हणजे विचारायला माणसंही आहेत. निपाणीकडे तंबाखूची ओली पानं हाताळणाऱ्या बाईला मळमळ आणि चक्कर का येते? ओल्या पानावरचं निकोटिन कातडीतून अंगात जातं, म्हणून. उद्यमबागेतल्या फौंड्रीत एकाच साच्यातून एक कास्टिंग चांगलं निघतं आणि दुसऱ्यात भोकं का पडतात? उसाचा साखर-उतारा तोडणीनंतर तासातासाने का घटतो? या शेवटच्यासाठी बेळगावातच निजलिंगप्पा साखर संस्था आहे.

आणि भीमगडची वटवाघळं. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतलं राउटनचं वटवाघूळ हे या भागातल्या प्रत्येक नव्या चित्रकर्मीच्या यादीत असतं. त्याबद्दल एक वाक्य हमखास घातलं जातं: 'जगात फक्त इथेच सापडतं.' बराच काळ तसा समज होता, पण पुढे ते मेघालयात आणि कंबोडियातही सापडलं आहे. हे वाक्य निवेदनात राहिलं तर प्राणिशास्त्र जाणणारा परीक्षक तिथेच पेन खाली ठेवील.

परवानग्या आणि संमती

भीमगड अभयारण्य आहे, त्यामुळे तिथल्या चित्रीकरणाला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. अर्जाची सुरुवात बेळगावच्या वनविभागाच्या कार्यालयातून करा आणि पुरेसा वेळ हातात ठेवा. गुहेत दिवा किंवा फ्लॅश घेऊन शिरायचं नाही. दचकून उडालेल्या मादीची पिल्लं खाली पडून मरतात. तिन्हीसांजेला गुहेबाहेर थांबून बाहेर पडणारा थवा टिपणं हे परवानगीच्या दृष्टीनेही सोपं आणि पडद्यावरही जास्त चांगलं दिसतं.

ड्रोन उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघाच. सांबऱ्याचा विमानतळ आणि हवाई दलाचं केंद्र, शहरात छावणी आणि मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, यामुळे बेळगावच्या आसपासचं बरंच आकाश मोकळं नाही. २५० ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला कागदपत्रं कमी लागतात, पण बंदी असलेल्या पट्ट्यात तोही चालत नाही.

फौंड्रीत वितळलेलं लोखंड १,४०० अंशांच्या आसपास असतं. जमिनीवर पाणी सांडलेलं असेल आणि त्यावर ते पडलं तर पाण्याची क्षणात वाफ होऊन धातू उसळतो. म्हणून पाण्याची बाटली आत नेऊ नका, अंगात सुती कपडे, पायात बूट, आणि कॅमेरा स्टँडवर लावून माणूस लांब.

संमतीपत्र समोरच्याला वाचता येईल त्या लिपीत हवं. चिक्कोडीकडच्या कन्नड वाचणाऱ्या शेतकऱ्याची मराठी कागदावर सही घेतली तर पुढे वाद झाल्यास तो कागद लंगडा पडतो. मराठी आणि कन्नड दोन्ही मसुदे छापून ठेवा. चित्रपटाचं नाव, तो महोत्सवात, इंटरनेटवर आणि शाळांत दाखवला जाईल हे वाक्य, तारीख, सही. एक प्रत त्यांना, एक तुम्हाला. वाचता न येणाऱ्यांसमोर मजकूर मोठ्यानं वाचा आणि साक्षीदारासकट त्यांचा होकार कॅमेऱ्यावर घ्या. मुलांसाठी आईवडिलांची सही. रुग्णालयात चित्रीकरण असेल तर रुग्णालयाची परवानगी वेगळी आणि रुग्णाची वेगळी. एकाने हो म्हटलं म्हणून दुसऱ्याचं गृहीत धरता येत नाही.

चित्रीकरणात काय बिघडतं

आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूबलाइट आणि बरेचसे एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. मोबाइल बहुधा सेकंदाला ३० फ्रेमवर आणि १/६० सेकंदाच्या शटरवर असतो, त्यामुळे प्रयोगशाळेतल्या दृश्यात काळे पट्टे सरकताना दिसतात. सेटिंग हाताने बदला: २५ फ्रेम, शटर १/५०. ३० फ्रेमवरच घ्यायचं असेल तरी शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. हा दोष संकलनात नीट निघत नाही. २४० फ्रेमचं संथ दृश्य ट्यूबलाइटखाली घेऊच नका, उन्हात घ्या. तेच दृश्य २५ फ्रेमने दाखवलं की ९.६ पट संथ होतं, आणि हा आकडा पडद्यावर लिहायचा असतो, म्हणून टिपून ठेवा.

मोबाइलचा दुसरा दोष लपलेला असतो. तो फ्रेमचा वेग स्थिर ठेवत नाही, उजेडाप्रमाणे वरखाली करतो. संकलनात मग ओठ आणि आवाज हळूहळू वेगळे होत जातात आणि चूक कुठे आहे ते कळत नाही. संकलनाला बसण्याआधी सगळ्या फाइली हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेमवेगाच्या करून घ्या.

टाइमलॅप्सचं गणित आधी कागदावर करा. दोन तासांचं आटणं १२ सेकंदांत दाखवायचं तर २५ गुणिले १२ म्हणजे ३०० फोटो. ७,२०० सेकंदांना ३०० ने भागलं की दर २४ सेकंदांनी एक फोटो. रोपाची २४ तासांची वाढ १० सेकंदांत हवी असेल तर दर पावणेसहा मिनिटांनी एक. एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही कुलूपबंद ठेवा, नाहीतर चित्र धडधडतं. दिवा इन्व्हर्टरवर लावा. वीज गेली आणि दहा फोटो अंधारात गेले तर पडद्यावर ते अर्ध्या सेकंदाचं भगदाड असतं. कढईच्या थेट वर कॅमेरा नको, वाफ भिंगावर बसते. तिरका, हातभर लांब ठेवा. हे तंत्र आपल्याकडे नवं नाही. दादासाहेब फाळक्यांनी कथापट काढण्याआधी वाटाण्याच्या दाण्यातून रोप कसं वर येतं ते असंच एकेक फ्रेम घेत टिपलं होतं, आणि ते दाखवून भांडवल उभं केलं होतं. भारतीय सिनेमाच्या उंबरठ्यावर एक विज्ञानपट बसला आहे, हे आपण फारसं सांगत नाही.

सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रिकेला मोबाइल धरून घेतलेली दृश्यं चालतात, पण मोजपट्टीशिवाय नाही. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत स्टेज मायक्रोमीटर असतो, म्हणजे १ मिलिमीटरचे १०० भाग कोरलेली काच. ज्या भिंगाने दृश्य घेतलं त्याच भिंगाने ही काचही टिपा, फोनचा झूम न हलवता. संकलनात त्यावरून '५० मायक्रोमीटर' अशी रेघ काढता येते. '४०० पट मोठं' असं लिहिणं निरर्थक, कारण मोबाइलवर आणि चित्रपटगृहाच्या पडद्यावर तेच चित्र वेगवेगळ्या आकाराचं होतं.

ध्वनीबद्दल थोडक्यात: कॉलरला लावायचा माइक, पंखा बंद, बोलण्याची पातळी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान, आणि प्रत्येक जागेचा एक मिनिटाचा नुसता शांततेचा आवाज. परीक्षक धूसर चित्र खपवून घेतो, पण न कळणारा आवाज नाही.

विधानपत्रक

संकलनाचा कच्चा पट झाला की एक तक्ता करा. वेळ, विधान, आधार, कुणी तपासलं, असे चार रकाने. निवेदनातलं, मुलाखतीतलं, पडद्यावरच्या अक्षरांतलं प्रत्येक तथ्य त्यात जायला हवं. दहा मिनिटांच्या पटात वीसेक विधानं सहज निघतात आणि त्यातली तीन-चार डळमळीत असतात. तपासायला विषयातला माणूस गाठा: महाविद्यालयाचा विभाग, राणी चन्नम्मा विद्यापीठ, औषधी वनस्पतींसाठी बेळगावातली राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्था, यंत्रांसाठी विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाकडची मंडळी. त्यांना पूर्ण चित्रपट बघायला सांगू नका, हा तक्ता द्या. अर्ध्या तासाचं काम म्हटलं की माणूस हो म्हणतो. श्रेयनामावलीत 'विज्ञान सल्लागार' म्हणून त्यांचं नाव विचारूनच घाला.

मुलाखतीत कुणी चुकीचं बोललं असेल तर काय? आजीबाई म्हणतात ग्रहणात अन्न नासतं. ते कापायची गरज नाही, पण चित्रपट त्यावर काय म्हणतो ते दिसलं पाहिजे. आजीबाईंना हसणारा पट मात्र बनवू नका. परीक्षकांना ते खटकतं, आणि खटकायलाच हवं.

'हे सिद्ध झालं आहे' हे शब्द शोधून शोधून काढा. कुठे, किती नमुन्यांवर, ते सांगा, नाहीतर 'असं दिसतं' म्हणा. ॲनिमेशन असेल तर तसं लिहा, रंग नंतर भरले असतील तर तसं लिहा. एआयने केलेली दृश्यं वापरली असतील तर फॉर्ममध्येही आणि श्रेयनामावलीतही सांगा. न सांगता सापडलं की बाकीच्या खऱ्या दृश्यांवरचाही विश्वास जातो.

दोन भाषा, तीन लिप्या

आपल्याकडे एकाच वाक्यात माणूस मराठीतून कन्नडमध्ये जातो आणि परत येतो. 'काय करालास' म्हणणाऱ्याला पुणेरी वाक्य पाठ करायला लावू नका, पटाचा जीव त्यात आहे. मात्र उपशीर्षकं सरळ, साध्या इंग्रजीत ठेवा. बोलीची नक्कल इंग्रजीत करायला गेलं की ते विनोदी होतं. कन्नड संवाद घरीच कन्नड बोलणाऱ्याकडून तपासून घ्या. फॉर्ममध्ये भाषेच्या रकान्यात मराठी आणि कन्नड दोन्ही लिहा.

आधी संवादांची पूर्ण संहिता वेळेसकट उतरवा, मग भाषांतर, आणि सगळ्यात शेवटी त्याचे तुकडे. एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी, ओळीला ४२ अक्षरांच्या आत, पडद्यावर किमान एक सेकंद आणि कमाल सात. वाचनाचा वेग सेकंदाला १५ ते १७ अक्षरं धरा. माणूस भराभर बोलत असेल तर वाक्य छाटा; सगळं भाषांतरित करण्याचा हट्ट केला की प्रेक्षक वाचत बसतो आणि दृश्य निसटतं. म्हणींपाशी थांबा. 'उंबराचं फूल झालास की रे!' याचं शब्दशः इंग्रजी निरर्थक. तिथे 'किती दिवसांनी दिसलास' एवढाच अर्थ द्या. पण तुमचा पट उंबरावरच असेल, म्हणजे फुलं फळाच्या आत असतात आणि इवलीशी गांधीलमाशी आत शिरून परागण करते यावर असेल, तर मात्र ती म्हण शब्दशः ठेवा, कारण मग तीच विषय आहे. वनस्पतीचं स्थानिक नाव पहिल्यांदा आलं की सोबत शास्त्रीय नाव द्या, तिरप्या अक्षरांत.

उपशीर्षकांची फाइल एसआरटी (नुसता मजकूर आणि त्याच्या वेळा) करा आणि चित्रपटाशी न चिकटवता वेगळीही ठेवा. उपशीर्षकं चित्रावर कायमची छापलेला एकच मास्टर, म्हणजे मूळ उत्तम प्रत, असेल तर पुढे कन्नड किंवा फ्रेंच उपशीर्षकं हवी झाली की सगळं पुन्हा. सुरुवातीची पट्टी किंवा काळे फ्रेम कापले की एसआरटीच्या वेळा सरकतात, हे विसरू नका.

देवनागरी शीर्षकं हा वेगळा ताप आहे. डीटीपीच्या जुन्या फाँटमधला मजकूर संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला की कचरा होतो, म्हणून युनिकोडच वापरा. मुक्तासारखा मोफत फाँट पुरतो. तरीही काही सॉफ्टवेअर जोडाक्षरं फोडतात आणि पहिला ऱ्हस्व इकार भलत्या अक्षरावर चढतो. गंमत म्हणजे 'विज्ञान' हाच शब्द फुटतो. प्रीमियर या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्राफिक्सच्या पसंतीत दक्षिण आशियाई मजकुराचा पर्याय निवडावा लागतो. ते जमलं नाही तर शीर्षक दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये करून पारदर्शक पीएनजी चित्र म्हणून आणा. 'विज्ञान', 'राष्ट्र', 'ऱ्हास', 'स्त्रिया' हे चार शब्द टाइप करून आधी चाचणी घ्या. कन्नड अक्षरांखालची जोडाक्षरंही तशीच सुटतात. ती कन्नड वाचणाऱ्याला दाखवल्याशिवाय सोडू नका.

संगीत आणि उसनी दृश्यं

गाण्यात दोन हक्क असतात, रचनेचा आणि ध्वनिमुद्रणाचा. अभंग तुकोबांचा आहे म्हणून शब्द मोकळे, पण गेल्या पन्नास वर्षांतलं कुणाचं तरी ध्वनिमुद्रण मोकळं नाही. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षं टिकतो. गावातल्या भजनी मंडळाकडून स्वतः ध्वनिमुद्रित करून घ्या आणि संमतीपत्र घ्या. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यात 'बदल नको' अशी अट असेल तर ते संगीत चित्रपटाला जोडणंही बदलच धरलं जातं. नासाची बहुतेक दृश्यं वापरता येतात, पण त्यांचं बोधचिन्ह नाही, आणि श्रेय द्यायचं. बाकी कुणाचंही, अगदी वर्तमानपत्रातलं छायाचित्रसुद्धा, लेखी परवानगीशिवाय नको.

परीक्षणाची प्रत

एच.२६४, एमपी४, १९२० बाय १०८०, सेकंदाला १० मेगाबिट. दहा मिनिटांचा पट यात सुमारे ७५० एमबी होतो. घरचं अपलोड २ मेगाबिटचं असेल तर तो चढायला पाऊण तासाच्या वर जातो, आणि मध्ये वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून. मास्टर मात्र प्रोरेस ४२२ एचक्यू या कमी दाबलेल्या प्रकारात ठेवा. दहा मिनिटांना साधारण १४ जीबी लागतात; दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत.

फाइलचं नाव रोमन अक्षरांत, मध्ये मोकळी जागा नाही: चित्रपटाचं नाव, वर्ष, उपशीर्षकाची भाषा. 'फायनल', 'फायनल दोन', 'खरंच फायनल' अशी नावं महोत्सवाच्या संगणकावर दुसऱ्या दहा जणांचीही असतात.

लिंक पासवर्डची ठेवा. यूट्यूबचा 'प्रायव्हेट' पर्याय वापरू नका, परीक्षकाला तो उघडत नाही. चालत असेल तर 'अनलिस्टेड'. गूगल ड्राइव्ह असेल तर 'लिंक असलेल्या कुणालाही' ही परवानगी दिली का ते बघा. मग ती लिंक दुसऱ्या माणसाच्या मोबाइलवर, दुसऱ्या नेटवर, तुमच्या खात्यात लॉगिन नसताना उघडा आणि शेवटपर्यंत चालवा. परीक्षण चालू असेतो पासवर्ड बदलायचा नाही.

फॉर्म भरताना

बरेच महोत्सव फिल्मफ्रीवे या संकेतस्थळावरून प्रवेश घेतात. तिथे चित्रपटाचं पान एकदा नीट भरलं की अनेक ठिकाणी पाठवता येतं. नावाचं आणि गावाचं स्पेलिंग पॅन आणि बँकेच्या कागदांप्रमाणे ठेवा. आपण बेळगाव म्हणतो, पण १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदांवर बेळगावी आहे. एका रकान्यात एक आणि दुसऱ्यात दुसरं झालं की बक्षिसाची रक्कम अडकते. चित्रपटात काय म्हणायचं तो तुमचा प्रश्न.

एका वाक्यातली ओळख २५ शब्दांत. 'सीमाभागातल्या समृद्ध खाद्यपरंपरेचा वैज्ञानिक वेध घेणारा हृदयस्पर्शी माहितीपट' यातून काहीच कळत नाही. 'पांढरं दूध दोन तासांत तपकिरी का होतं? एक हलवाई आणि एक रसायनशास्त्राची विद्यार्थिनी कढईत तापमापी सोडून उत्तर शोधतात.' यात प्रश्न, माणसं आणि कृती तिन्ही आहेत. लहान सारांश ६० ते ७५ शब्दांचा आणि मोठा १५०-२०० चा. मोठ्यात शेवट सांगायला घाबरू नका, हा परीक्षकासाठी असतो. दिग्दर्शकाच्या निवेदनात 'लहानपणापासून सिनेमाची आवड' नको. विज्ञान कसं तपासलं ते दोन वाक्यांत लिहा आणि विधानपत्रक जोडायची सोय असेल तर जोडा. स्थिरचित्रं तीन ते पाच, १९२० बाय १०८० किंवा मोठी, उपशीर्षकाशिवाय, आणि त्यातल्या एकात तरी माणसाचा चेहरा.

शुल्क डॉलरमध्ये कापलं जातं, त्यावर बँक साधारण तीन टक्के वेगळे लावते. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी चालू करून घ्या. शेवटच्या रात्री बँकेचं ॲप नेमकं अडतं. विद्यार्थी असाल तर शुल्कमाफी मागा, पण मुदतीच्या महिनाभर आधी, चार ओळींत, आणि नकार आला तर पुन्हा गळ घालू नका.

मुदत कुठल्या घड्याळाची ते बघा. न्यूयॉर्कच्या रात्री ११:५९ ला आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे ९:२९ वाजलेले असतात, त्यांच्या हिवाळ्यात १०:२९. महोत्सव भारतातला असेल तर ही सवलत नाही.

निवड झाल्यावर

मेल आला की आधी प्रदर्शनाची प्रत काय हवी ते विचारा. चित्रपटगृहासाठी डीसीपी, म्हणजे तिथल्या प्रोजेक्टरला लागणारा डिजिटल फाइलसंच, मागतात. ती डीसीपी-ओ-मॅटिक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये घरच्या संगणकावर करता येते, फक्त रात्रभर चालत ठेवावी लागते. आकार फ्लॅट म्हणजे १९९८ बाय १०८०, किंवा स्कोप म्हणजे २०४८ बाय ८५८. तुमचा १९२० चा पट फ्लॅटमध्ये बसतो, बाजूला बारीक काळ्या पट्ट्या राहतात. त्या घालवायला चित्र ताणू नका. डीसीपीचा रूढ वेग २४ फ्रेमचा. २५ फ्रेमचा पट २४ ने चालवला तर दहा मिनिटांमागे २५ सेकंद वाढतात, आणि वेगळी एसआरटी जुन्याच वेळेवर राहिली तर शेवटाकडे संवाद आणि अक्षरं यांची ताटातूट होते. २५ ची डीसीपी चालेल का ते महोत्सवाला विचारा, बहुतेक ठिकाणी चालते. डीसीपीला कुलूप (एन्क्रिप्शन) लावू नका. किल्लीची फाइल चुकली की पडदा काळा.

आवाज दोन वाहिन्यांचा असेल तर मोठ्या सभागृहात बोलणं डाव्या-उजव्या स्पीकरमधून येतं आणि मधला स्पीकर गप्प राहतो. निवेदन आणि मुलाखती मधल्या वाहिनीवर घाला. मग गावातल्या मल्टिप्लेक्सच्या व्यवस्थापकाला भेटून सकाळच्या पहिल्या खेळाआधी पंधरा मिनिटं मागा. डिस्क त्यांच्या सर्व्हरवर चढते का, अक्षरं पडद्याच्या कडेला कापली जातात का, शेवटच्या रांगेत आजीबाईंचं बोलणं कळतं का, एवढं बघा. अंधाराची दृश्यं लॅपटॉपवर दिसली त्यापेक्षा इथे काळी दिसतील. गुहेबाहेरचा थवा दिसेनासा झाला असेल तर परत येऊन उजळवा आणि डीसीपी पुन्हा करा. पाठवायची डिस्क खोक्यात घालताना तिच्यावर चित्रपटाचं नाव, लांबी, फ्रेमवेग आणि आकार लिहून चिकटवा, आणि महोत्सवाला जाताना तोच पट एमपी४ मध्ये पेनड्राइव्हवर घेऊन खिशात ठेवा.